झाडावरची बैठक

जोंधळ्याची कणसे भरू लागली की शेतात माळा उभा राहतो. कुठे चार खांबांवर, कुठे बांधावरच्या बाभळीवर किंवा आंब्यावर. दिवसा गोफण घेऊन पोरेसोरे त्यावर बसतात आणि रात्री डुकरांना हाकलायला घरातला कोणी तरी कर्ता माणूस घोंगडी घेऊन चढतो. ह्या माळ्याचेच एक भावंड म्हणजे मचाण. मूळ शब्द संस्कृतातला ‘मंच’. त्याच घराण्यातला आपला ‘माच’ आणि हिंदीतला ‘मचान’. इंग्रज शिकाऱ्यांनी हिंदीतून तो उचलला आणि आज तो इंग्रजी शब्दकोशातही जाऊन बसला आहे.

ह्या घराण्याची एक दूरची शाखा अमेरिकेत वाढली. तिथे धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा छंद मोठा आहे. हे छंदी लोक झाडाच्या खोडाला एक लहानशी धातूची बैठक टांगतात. तिला ते ‘हँग-ऑन ट्री स्टँड’ म्हणतात, आपण टांगती बैठक म्हणू. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेच्या शिकारीचे दार बंद केले, मग ह्या बैठकीशी आपले काय काम? काम एवढेच की झाडावरून पडणारा माणूस शिकारी आहे की राखण्या, हे जमीन विचारत नाही. आणि ह्या पडण्याचा विचार अमेरिकेतल्या बैठकीच्या इतिहासात जितका झाला, तितका आपल्या मचाणाच्या किंवा माळ्याच्या बाबतीत कधी झाला नाही.

आधी आपले मचाण पाहू. पुष्कळदा ते म्हणजे एक साधी बाज असे. दोन-तीन भक्कम फांद्यांच्या बेचक्यात ती दोराने बांधायची, पुढे पाल्याचा आडोसा करायचा आणि वर शिकाऱ्याने बसायचे. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या मारला तो असाच झाडावर बसून. त्या बिबळ्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाल्ली होती. गोलाबराईच्या यात्रामार्गावरील आंब्याच्या झाडावर कॉर्बेट दहा रात्री व्यर्थ बसला आणि १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभी, अकराव्या रात्री, बिबळ्या खाली बांधलेल्या बकरीवर आला.

त्याच मोहिमेतील दुसरी एक रात्र आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. कॉर्बेट चिडाच्या झाडावर बसला होता. झाड उतारावरचे, बाहेर झुकलेले. वारा सुटला आणि झाड असे हेलकावू लागले की ते आता मुळासकट जाते की काय, असे त्याला वाटले. तेव्हा त्याने बंदूक फांदीला बांधली, चाकू काढला आणि हाताला लागतील त्या बारीक फांद्या छाटून टाकल्या. शीड उतरवले की होडी स्थिर होते ना, तसेच हे. खाली नरभक्षक आणि वर हा माणूस वाऱ्याशी झुंजतो आहे! शिकारकथा वाचताना आपले लक्ष सारखे खालच्या जनावराकडे असते. वरच्या माणसाला त्या रात्री खरे भय झाडाचे होते, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

आता अमेरिकेकडे वळू. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी याही नावाच्या आदिवासी जमातीतला अखेरचा उरलेला माणूस एकटाच लोकांत आला. लोक त्याला इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरची आणि त्याची मैत्री जमली. धनुष्य कसे घडवावे, बाण कसा करावा, जनावराच्या जवळ कसे जावे, हे पोपने इशीपासून शिकून घेतले. १९१६ मध्ये क्षयाने इशी वारला. ज्यांनी त्याची जमात संपवली त्यांच्याच नातवंडांना त्याची विद्या हौस म्हणून मिळाली, हा त्या इतिहासाचा बोचरा भाग इथे बाजूला ठेवू. पोपने ह्या विद्येवर पुस्तक लिहिले, लोकांना वेड लागले, आणि १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुर्धाऱ्यांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम दिला. पुढे इतर राज्यांनीही तेच केले. १९६९ मध्ये मिसुरीतल्या होलेस विल्बर ॲलन याला कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्या धनुष्याची दोरी पूर्ण ओढल्यावर हाताला हलकी लागते, त्यामुळे सामान्य ताकदीचा माणूसही ह्या छंदात शिरला.

इशी शिकार करी ती झुडपाआड लपून, जमिनीवरून. मग हे नवे लोक झाडावर का चढले? बंदुकीची गोळी लांब जाते, बाणाला मात्र वीस-तीस मीटरांच्या आतच काम करावे लागते. एवढ्या जवळ आलेले हरीण वासाने आणि हालचालीने सावध होते. पण त्याची नजर सहसा आपल्याच उंचीवर धोका शोधते, आणि पंधरा-वीस फूट वरच्या माणसाचा वासही पुष्कळदा वरच्या वर निघून जातो.

इथेच मचाण आणि टांगती बैठक यांची वाट वेगळी होते. बंदूकवाला बसून, खोडाला पाठ टेकवून गोळी झाडू शकतो. धनुर्धारी बहुधा उभा राहतो, धनुष्याला खाली-वर जागा लागते, अंग वळवावे लागते, आणि ऐन क्षणी त्याचे सगळे चित्त हरणावर असते, पायाखाली नसते. मचाणावरचा माणूस फांद्यांच्या कुशीत असतो, हा मात्र खोडाच्या बाहेर, कडेवर उभा.

ह्याने खोडावर काय ताण येतो ते शिक्षकांना वर्गात सहज दाखवता येईल. शाळेचा जड दरवाजा पाहा. त्याची कोणती बिजागरी आधी उखडते? वरची. खालची चौकटीत दाबली जाते, वरची बाहेर ओढली जाते. टांगत्या बैठकीचे तसेच आहे. तिची खालची कड खोडात रुतते आणि वरचा पट्टा किंवा साखळी सगळा ओढ सोसते. माणूस जितका बाहेरच्या कडेला सरकेल, तितकी वरची ओढ वाढते. म्हणून बैठक निवडताना लोक फळीची जाडी दाबून पाहतात ते वाया नसले, तरी आधी पाहायचा तो पट्टा, त्याचा बकल आणि त्याची शिवण.

सुरुवातीला हे लोक झाडाच्या बेचक्यात फळ्या खिळ्यांनी ठोकत. पावसाबर्फाने फळ्या कुजत, झाड वाढले की खिळे सैल होत किंवा सालीत बुडत, आणि पुढच्या हंगामात मालक गेल्या वर्षीच्या विश्वासाने पुन्हा वर चढे. मग कारखान्यात घडलेल्या धातूच्या बैठका आल्या. त्यांवर किती भार चालेल हे छापलेले असते, पुष्कळ बैठकांवर ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो. हा आकडा नुसत्या माणसाचा नव्हे. थंडीचे कपडे, बूट, पिशवी, धनुष्य, सगळे त्यात धरायचे. घेणाऱ्याची ओढाताण अशी की हलकी बैठक पाठीवर नेणे सोपे, पण तिची फळी अरुंद. माझे मत विचाराल तर वाटेत थोडा घाम गाळावा आणि दोन्ही पाय सुखाने मावतील अशी रुंद बैठक घ्यावी.

पण बैठकीच्या आधी झाड. ते जिवंत हवे, सरळ हवे, आणि पट्टा नीट बसेल इतक्याच जाडीचे हवे. वाळलेले, पोखरलेले, झुकलेले, सुटत्या सालीचे झाड कितीही मोक्याच्या जागी असले तरी सोडून द्यायचे. कॉर्बेटला त्या रात्री निवडीला वाव नव्हता. हौशी माणसाला तो असतो.

आणि एवढे करूनही माणसे पडत राहिली. ओहायो राज्यातील दोन मोठ्या अपघात-रुग्णालयांनी १९९८ ते २००७ या दहा वर्षांत शिकारीत जखमी झालेल्या १३० रुग्णांची पाहणी केली. गोळी लागलेले २९ टक्के निघाले. पडून जखमी झालेले निम्मे होते, आणि त्यांतले बहुतेक सगळे झाडावरच्या बैठकीतून पडलेले. बंदुकीच्या देशात शिकाऱ्याला बंदुकीपेक्षा झाड महागात पडले!

यावर तोडगा निघाला तो बैठक अधिक मजबूत करून नव्हे. पहिला प्रश्न असा असे की ही बैठक मला पेलेल का. त्याची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेतली: तिने दगा दिला, तर मला काय पेलेल? आधी कमरेला एक पट्टा बांधत. पण पडलेला माणूस त्यावर लटकला की पट्टा पोटात किंवा छातीत रुतून श्वास कोंडे. मग खांदे, छाती आणि मांड्या यांवर भार वाटून घेणारा सबंध अंगाचा पट्टा आला. तो डोक्याच्या वर खोडाला बांधायचा, म्हणजे झोका लहान बसतो. मांडीच्या पट्ट्यांवर फार वेळ लटकल्यास पायांतले रक्त अडते, म्हणून पाय टेकवायला दोरीचा फासही जवळ ठेवतात. पुष्कळ माणसे बैठकीवर बसल्यावर पडत नाहीत, ती पडतात शिडीवरून बैठकीवर पाऊल टाकताना किंवा उतरताना. त्यासाठी बैठकीच्या वरपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडतात. त्यावर सरकती गाठ असते. माणूस सावकाश चढला की ती हाताने सरकते, झटका बसला की आवळते. चढताना हातात काही धरायचे नाही. धनुष्य मागाहून दोरीने ओढून घ्यायचे.

आपल्याकडे मचाण अजून संपलेले नाही. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात ताडोबा-मेळघाटच्या पाणवठ्यांवर वनखाते नागरिकांना मचाणावर बसवते ते जनावरे नुसती पाहण्यासाठी. आणि माळा तर दर हंगामाला उभा राहतोच. त्यावर राखण करणाऱ्याला अमेरिकेतली महागडी बैठक नको. पण कमरेऐवजी खांद्या-मांड्यांवरून जाणारा पट्टा त्याला मिळाला, तो डोक्यावरच्या जिवंत फांदीला बांधला, आणि बॅटरी, गोफण दोरीने वर घेतली, तर डुलकी लागली तरी तो खाली जाणार नाही. माळ्याचे दोर मात्र दर साली नवे घ्यावेत, आणि तेही पेरणीच्या वेळी बांधून ठेवू नयेत. कणसे भरू लागेपर्यंत सगळा पाऊस त्यांच्यावरून गेलेला असतो. वरून दोर धड दिसतो, पण पीळ उकलून पाहिला तर आतला काथा बोटांत भुगा होऊन येतो.