नेटिव्ह व नॉन-नेटिव्ह विजेट टूलकिट

विजेट टूलकिट म्हणजे डेस्कटॉप संगणकावरील उपयोजनांना खिडक्या, बटणे, मेनू, याद्या व मजकूरचौकटी पुरवणारा प्रोग्रॅमिंग घटकांचा संच होय. हे घटक ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच घेतले जात असतील, तर टूलकिट ‘नेटिव्ह’ मानले जाते. ते टूलकिट स्वतः पडद्यावर रेखाटत असेल, तर ‘नॉन-नेटिव्ह’. या दोहोंतील निवडीवर उपयोजनाचे रूप व वेग यांखेरीज देवनागरी मजकुराची अचूकता आणि दृष्टिहीन वापरकर्त्यांची सोयही अवलंबून असते.

प्रकार

विंडोजवरील विन३२ व मॅकओएसवरील ॲपकिट ही नेटिव्ह टूलकिटे आहेत. लिनक्सवर असे एकच अधिकृत टूलकिट नाही. नोम वातावरणात जीटीके, तर केडीईमध्ये क्यूटी वापरले जाते. १९९२ साली सुरू झालेले डब्ल्यूएक्सविजेट्स हे प्रत्येक प्रणालीच्या मूळ घटकांवर समान आवरण घालते. क्यूटी आपले घटक स्वतः रेखाटते, पण त्यांना यजमान प्रणालीसारखे रूप देते. इलेक्ट्रॉन उपयोजनासोबत क्रोमियम ब्राउझरच जोडत असल्याने छोट्या उपयोजनाचा आकारही मोठा होतो.

इतिहास

जावा भाषेच्या इतिहासात या दोन्ही दृष्टिकोनांची ओढाताण स्पष्ट दिसते. जावाच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीतील एडब्ल्यूटी मूळ घटक वापरत असे. सर्व प्रणालींवर उपलब्ध असलेलेच घटक त्यात घेता येत असल्याने तक्ता व वृक्षयादी यांचा त्यात अभाव होता. १९९८ मध्ये जावा १.२ सोबत आलेल्या स्विंगने घटक स्वतः रेखाटून ही उणीव दूर केली, परंतु स्विंगची उपयोजने परकी दिसतात अशी टीका झाली. पुढे एक्लिप्ससाठी आयबीएमने तयार केलेले एसडब्ल्यूटी पुन्हा मूळ घटकांकडे वळले.

देवनागरी मजकूर

देवनागरीत अक्षरे एकापुढे एक मांडून भागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा या गावाचे नाव युनिकोडमध्ये सात संकेतांनी लिहिले जाते. त्यांपैकी व, हलन्त व ह यांचे ‘व्ह’ हे जोडाक्षर करणे हे मजकूर-रचना यंत्रणेचे काम असते. शेजारच्या दिग्रसच्या नावात ऱ्हस्व वेलांटी साठवणुकीत ‘द’नंतर येते, पण दिसायला हवी ‘द’च्या आधी. ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) यांतील भेद रफार व अर्धा र यांवरच टिकून आहे. तो पुसला गेल्यास शब्दाचा अर्थच बदलतो.

नेटिव्ह घटकांना ही रचना प्रणालीकडून आयती मिळते. विंडोज २००० पासून युनिस्क्राइबद्वारे मराठीची सोय झाली. नॉन-नेटिव्ह टूलकिटाला मात्र ती स्वतः करावी लागते. पायथॉन शिकताना वापरल्या जाणाऱ्या टीके ८.६ मध्ये हा फरक दिसतो: विंडोजवर जोडाक्षरे जुळतात, लिनक्सवर सुटी पडतात.

हार्फबझ या मुक्त यंत्रणेमुळे ही दरी कमी झाली. २०१७ मध्ये जावा ९ ने मजकूर-रचनेसाठी हार्फबझ स्वीकारले. त्याच वर्षी लिबरऑफिस ५.३ ने प्रत्येक प्रणालीवरील वेगळ्या यंत्रणेऐवजी सर्वत्र हार्फबझ वापरण्यास सुरुवात केली. मजकुराची रचना सर्व संगणकांवर सारखी राहावी, हा त्यामागील हेतू होता. येथे नेटिव्ह यंत्रणा सोडणे हेच लाभाचे ठरले.

सुगम्यता

स्क्रीन रीडरला पडद्यावरील चित्र उपयोगाचे नसते. घटकाचे नाव, प्रकार व स्थिती त्याला कळावी लागते. नेटिव्ह घटक ही माहिती प्रणालीला आपोआप देतात. स्वतः रेखाटलेल्या बटणाबाबत ती टूलकिटाने पुरवली नाही, तर दृष्टिहीनांसाठी ते बटण अस्तित्वातच नसते. एनव्हीडीए हा मुक्त स्क्रीन रीडर आपल्या स्वतःच्या संवादचौकटींसाठी डब्ल्यूएक्सपायथॉन वापरतो.

निवडीचे निकष

एकाच प्रणालीसाठीच्या किंवा मुख्यतः अर्ज व नोंदी भरण्याच्या उपयोजनास नेटिव्ह टूलकिट सोयीचे ठरते. अनेक प्रणालींवर समान रूप हवे असल्यास अथवा आलेखन, संपादन यांसारखे विशेष घटक लागत असल्यास नॉन-नेटिव्ह टूलकिट उपयुक्त असते. मराठी उपयोजनासाठी जोडाक्षरे, इनस्क्रिप्ट कळफलक, जोडाक्षरातील कर्सरची हालचाल आणि मात्रा-उकार न कापले जाण्याइतकी ओळीची उंची यांची चाचणी प्रत्येक अपेक्षित प्रणालीवर निवडीपूर्वीच घेणे आवश्यक असते, कारण टूलकिट नंतर बदलणे म्हणजे बहुधा संपूर्ण दर्शनी भाग नव्याने लिहिणे होय.