जागतिक प्रदर्शने आणि आपली तयारी

भोसरी, चिंचवड, चाकण ह्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला प्रदर्शनाची तयारी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचे कारण नाही. परदेशातील गिऱ्हाईक कारखाना पाहावयास येणार असे कळले की जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने ओढले जातात, हत्यारे आपापल्या खिळ्यांवर टांगली जातात आणि तयार मालातील निवडक नग टेबलावर मांडून ठेवले जातात. कोणता नग पुढे ठेवावयाचा, कोणता दिसू द्यावयाचा नाही आणि पाहुण्यांशी बोलावयाचे कुणी, ह्याचा निर्णय त्या आठवड्यात करावा लागतो. एखादा देश जागतिक प्रदर्शनात उतरतो तेव्हा त्यालाही हेच ठरवावे लागते. आपल्या बाबतीत मात्र असे झाले की शंभर वर्षे माल आपला आणि बोलणारा दुसरा, अशी स्थिती राहिली. ती कशी होती आणि तिच्यातूनही आपल्या पदरात काय पडले, हे आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहिले मोठे प्रदर्शन लंडनला 1 मे 1851 रोजी उघडले. हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंड ह्यांचा प्रचंड महाल उभारला होता, आणि साडेपाच महिन्यांत सुमारे साठ लाख माणसे तो पाहून गेली. हिंदुस्थानचा विभाग सजविण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीकडे होते. कंपनीच्या पदरी डॉ. जॉन फॉर्ब्स रॉयल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हा विभाग त्यांच्या देखरेखीखाली तयार झाला. प्रदर्शनाची वर्गवारी लंडनलाच ठरलेली होती: कच्चा माल, यंत्रे, तयार माल आणि ललितकला. आपल्याकडील मालही ह्याच चार कप्प्यांत बसवावयाचा होता. पहिल्या कप्प्यात कापूस, नीळ, लाख, ताग ह्यांची रेलचेल झाली आणि यंत्रांचा कप्पा जवळजवळ रिकामा राहिला. पाहणाऱ्याने काय समजावयाचे ते समजले. हा देश पिकविणारा आहे, घडविणारा आम्ही आहोत, असे तो महाल न बोलता सांगत होता. कोहिनूर हिराही तेथे होता. शिखांचे राज्य खालसा होऊन दोनच वर्षे झाली होती, आणि तो हिरा इंग्लंडच्या राणीची मालमत्ता म्हणून पिंजऱ्यात ठेवला होता.

त्या काळी माल पाठविणे म्हणजे काय प्रकार होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली 1853 साली, आणि सुएझचा कालवा खुला झाला 1869 साली. 1850 मध्ये घाटावरची कोणतीही वस्तू विलायतेस न्यावयाची तर ती बैलगाडीत घालून, 1830 साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने मुंबईस आणावयाची, तेथे खोक्यांत भरावयाची आणि आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या गलबतावर चढवावयाची. पुण्याहून बोरघाटाकडे निघालेल्या गाड्यांची वाट ह्याच पिंपरी-चिंचवडच्या शिवारातून जात असे.

लंडनच्या रसिकांनी आपल्या मालाचे कौतुक मात्र मनापासून केले. ओवेन जोन्स नावाचे सजावटकार तर हिंदी कापडावरील वेलबुट्टी आणि रंगांची जुळणी पाहून थक्क झाले. यंत्राने काढलेल्या विलायती मालापेक्षा ह्या मालात अधिक अक्कल आहे, असे त्यांचे मत पडले. कौतुकाने विणकराचे पोट भरले असते तर हा इतिहास येथेच संपला असता. पुढे काय झाले ते पाहा. 1866 साली लंडनच्या इंडिया म्युझियममधील डॉ. फॉर्ब्स वॉटसन ह्यांनी हिंदी कापडाच्या सातशे वानग्या कापून अठरा खंडांत चिकटविल्या. असे वीस संच त्यांनी केले. पागोटे किती लांब, लुगडे किती रुंद, वजन किती, काठ कसा, सगळे मोजून लिहिले. हिंदी गिऱ्हाइकाला काय आवडते हे विलायती गिरणीवाल्याला घरबसल्या कळावे, हा त्यातला उघड हेतू होता. वीसपैकी तेरा संच ब्रिटनमध्ये वाटले गेले आणि सात आपल्याकडे आले. वानगी दाखविणारा आणि वानगी नेणारा ह्यांत फरक न केल्याचे फळ काय असते, हे येथल्या लघुउद्योजकांना आम्ही नव्याने सांगावयास नको.

परंतु ह्या कथेला दुसरी बाजूही आहे, आणि तीच आम्हांला अधिक मोलाची वाटते. 1851 चे प्रदर्शन होऊन दोन वर्षे झाली तोच मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. 1857 च्या मार्चमध्ये शाळा सुरू झाली. तीच आजची जे. जे. दुसरी गोष्ट पॅरिसच्या 1855 च्या प्रदर्शनाची. त्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू जमविण्याचे काम निघाले तेव्हा लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर होते. पाठवावयाच्या वस्तूंच्या दुसऱ्या प्रती मुंबईतच ठेवून त्यांचे संग्रहालय करावे, असे ठरले. आमच्या मते त्या शतकातील प्रदर्शनांच्या सगळ्या खटाटोपात ह्याहून शहाणपणाचा निर्णय झाला नाही. पॅरिसला गेले ते गेले. दुसरी प्रत घरात राहिली.

'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट हे ह्या संग्रहालयाचे पहिले क्युरेटर. फोर्टातील टाउन बॅरॅक्समध्ये वस्तू मांडल्या गेल्या. तोच 1857 चा उठाव झाला, बॅरॅक्स फौजेला हवी झाली, आणि घाईघाईने संग्रह बाहेर काढण्यात आला. त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. उरले ते डॉ. जॉर्ज बर्डवुड ह्यांच्या स्वाधीन झाले. हे गृहस्थ बेळगावात 1832 साली जन्मलेले, पेशाने वैद्य. त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतिजन्य मालाची जी सूची 1862 साली छापली तिच्यासाठी पडलेले कष्ट पाहिले म्हणजे माणसाविषयी आदर वाटतो.

नव्या इमारतीसाठी नाना जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड पुढे झाले. त्यांच्यासारख्यांच्या खटपटीने वर्गणी जमू लागली. 1862 साली कोनशिला बसली. पुढे अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, 1865 त मुंबईच्या पेढ्या बुडाल्या आणि वर्गणीचा ओघ आटला. शेवटी सरकारने हात दिला तेव्हा 2 मे 1872 रोजी भायखळ्याच्या बागेत संग्रहालय उघडले. 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ह्या नावाने ओळखले जाते. राणीच्या बागेत मुलांना वाघ दाखविण्यास नेणारी मंडळी पुष्कळ; शेजारच्या त्या इमारतीचा उगम पॅरिसच्या प्रदर्शनाच्या तयारीत आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्याच इमारतीबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला इंग्रजी नाव मिळाले ते ह्याच हत्तीवरून. 1864 साली त्याला विलायतेस नेण्याचा घाट घालण्यात आला. उचलताना तो कोसळून फुटला. म्हणून तो आपल्याकडे राहिला! तुकडे जोडून त्याला पुन्हा उभा केला तो 1914 मध्ये.

बर्डवुडसाहेबांकडे पुन्हा वळू. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनातील हिंदी विभागाची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिली, आणि हिंदी कारागिरीची बाजू मोठ्या जिव्हाळ्याने मांडली. खेड्यातला कुंभार, साळी, तांबट ह्यांच्यावर त्यांचे प्रेम होते. पण हेच गृहस्थ 1910 साली लंडनच्या एका सभेत जावातील बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा देऊन बसले. हिंदुस्थानात कारागिरी आहे, कला नाही, असा त्यांचा ग्रह होता. प्रेम करणारा माणूससुद्धा दुसऱ्याच्या वतीने बोलू लागला की कसा घसरतो, त्याचे हे उदाहरण. आणि कारागिराला स्वतःला बोलण्याची संधी दिली गेली म्हणावे तर 1886 च्या लंडन प्रदर्शनाची हकीकत आठवते. तेथे गालिचे विणणारे, भांडी घडविणारे हिंदी कारागीर प्रत्यक्ष बसविले होते आणि लोक रांगा लावून त्यांना पाहत होते. त्यांतील बहुतेक जण आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगात कला शिकलेले होते, हे प्रेक्षकांपैकी किती जणांना माहीत होते कोण जाणे. मालाबरोबर माणूसही मांडला गेला.

1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात राजा रविवर्मा ह्यांची दहा चित्रे गेली आणि पदके मिळवून आली. निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रिया, त्यांचे पेहराव, त्यांचे भाव, असा विषय होता. चित्रे गेली ती चित्रकाराच्या नावाने, हे येथे महत्त्वाचे. लगेच पुढच्या वर्षी मुंबईत त्यांचा छापखाना निघाला आणि 1899 त तो मळवलीला आला. लोणावळ्याच्या लोकलने जाताना जे लहानसे स्टेशन लागते तेच हे मळवली. देवादिकांची चित्रे घरोघर भिंतीवर लागली ती तेथून.

अजिंठ्याच्या चित्रांची कथा तर आणखी चटका लावणारी आहे. मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी 1844 पासून वर्षानुवर्षे लेण्यांत राहून नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमला हलविलेल्या काचमहालात लावल्या गेल्या आणि 1866 च्या आगीत जळाल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन 1872 पासून पुन्हा कामाला लागले. त्या नकलांपैकीही पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीत गेल्या. मूळ भिंती मात्र अजिंठ्याच्या डोंगरात होत्या तेथेच आहेत.

स्वातंत्र्यानंतर ब्रुसेल्स 1958, माँट्रिअल 1967, ओसाका 1970 अशा प्रदर्शनांत भारताने आपले दालन आपणच सजविले. शांघायला 2010 मध्ये बांबूचा घुमट उभारला. त्या प्रत्येकाचे वर्णन करीत बसत नाही. 2025 साली ओसाकालाच पुन्हा प्रदर्शन भरले आणि भारताच्या दालनासाठी अजिंठ्याचा पद्मपाणी निवडला गेला. निवड करणारे आपले, फलक लिहिणारे आपले. पण प्रदर्शन 13 एप्रिलला उघडले तेव्हा आपले दालन बंद होते. ते उघडले 1 मे रोजी. पहिल्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना बंद दार दिसले. ज्यांच्या कारखान्यात जपानी गिऱ्हाईक येऊन गेले आहे त्यांना अठरा दिवसांचा उशीर म्हणजे काय ते कळेल. बैलगाडीच्या आणि गलबताच्या काळात खोकी वेळेवर पोहोचत होती, एवढे तरी कंपनी सरकारच्या पदरात घालणे भाग आहे.

पुढचे मोठे जागतिक प्रदर्शन रियाधला 1 ऑक्टोबर 2030 रोजी उघडावयाचे ठरले आहे. तेथे भारताने काय मांडावे, ह्याची चर्चा दिल्लीत होईल. ह्या पट्ट्यातील एखाद्या कारखान्याचा नग त्यासाठी निवडला गेलाच, तर तो घडविणाऱ्या कामगाराचे नाव फलकावर असावे, आणि त्याच नगाची दुसरी प्रत येथे, आपल्या शहरात ठेवून घ्यावी, एवढी सूचना आम्ही आजच करून ठेवतो. 1855 साली ती कुणालातरी सुचली होती.