तर्जनी, चौदा टक्के

ईएसआय विमा नसलेल्या छोट्या प्रेसशॉपमध्ये ज्यांची बोटं जातात, त्यांचे भरपाईचे दावे मी लिहून देतो. पत्रा सरळ करायला हात आत जातो, त्याच क्षणी पेडल दाबलं जातं, वरची डाय खाली येते. मग मी भरपाई कायद्यातलं दुखापतींचं परिशिष्ट उघडतो. अख्खी तर्जनी गेली तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९. हाड शाबूत राहून नुसतं टोक छाटलं गेलं तर ५.

भरपाईचा मूळ कायदा १९२३चा. मागणी मात्र त्याच्या ३९ वर्षं आधीची, आणि आपल्या मुंबईतली. सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्या सभांतून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज निघाला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते. त्याच अर्जात म्हटलं होतं, की कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. रविवार १८९०मध्ये मिळाला. भरपाईचा कायदा यायच्या आत, १८९७ साली लोखंडे गेले.

कायदा आला तो अवयवांचं दरपत्रक घेऊनच. उजवा हात कोपरापासून तुटला तर ७०, डावा ६०; अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचं कुठलंही बोट ५. पूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार, तोही साडेतीन हजार रुपयांच्या आत. म्हणजे तर्जनीला जेमतेम चार महिन्यांचा पगार! लोखंड्यांनी माणसाचं पोट पुढे ठेवलं होतं. सरकारनं पेरं मोजली. माझ्या मते या कायद्याचं मूळ दुखणं हेच.

ते ओळखलं १९७५मध्ये सुप्रीम कोर्टानं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. कोर्ट म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, तेव्हा नुकसान शंभर टक्के. हात गेलेल्या प्रत्येकाच्या दाव्याला मी हा निकाल जोडतो.

म्हणून सांगतो, डॉक्टरांकडे सर्टिफिकेटला जाल तेव्हा जखमेबरोबर आपलं कामही सांगा. कोणतं मशीन, कोणता हात कशाला लागायचा, सगळं लिहून घ्या. आणि अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा.