माँतेनची मांजर आणि वॉल्टनची पट्टी

१/ ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधले एक लाकडी खेळणे आहे: मार्जारकुळातल्या प्राण्याचा आकार आणि दोरी ओढली की हलणारा जबडा. माणसांच्या करमणुकीसाठी केलेले हे मांजर सुमारे तीन हजार वर्षे टिकले. मांजरांच्या करमणुकीसाठी घरोघरी केलेल्या वस्तूंच्या वाट्याला मात्र संग्रहालय सहसा येत नाही. चिंधी, सुतळी, कागदाचा बोळा. खेळ संपला की केरात. मग त्यांचा इतिहास शोधावा कुठे?

२/ एक पुरावा वारंवार दिला जातो. फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन (१५३३–१५९२) याने रेमों सबों याच्यावरील दीर्घ निबंधात माणसाच्या अहंकाराची झडती घेतली आहे. तिथे तो विचारतो की, मी मांजरीशी खेळतो तेव्हा कोण कोणाची करमणूक करत असते? त्याच्या मृत्यूनंतरच्या १५९५ च्या आवृत्तीत याला जोड मिळाली: आम्ही दोघेही परस्परांशी माकडचेष्टा करतो, आणि खेळ सुरू करण्याची वा नाकारण्याची वेळ जशी माझी असते तशी तिचीही.

३/ इंग्रजीतून ही गोष्ट वाचणाऱ्यांना पुष्कळदा आणखी एक तपशील भेटतो. माँतेन म्हणे मांजरीला गार्टरने खेळवी. गार्टर म्हणजे मोजे घसरू नयेत म्हणून गुडघ्यापाशी बांधायची पट्टी. त्या काळी पुरुषही ती वापरत. आपल्याकडची नाडी आठवली तरी चालेल.

४/ अडचण अशी की मूळ फ्रेंचमध्ये ही पट्टी नाही. जॉन फ्लोरिओच्या १६०३ च्या इंग्रजी अनुवादातही नाही. ती येते आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या मासेमारीवरील ग्रंथात. हा ग्रंथ प्रथम १६५३ साली निघाला. वॉल्टन माँतेनचे म्हणणे सांगतो आणि सांगता सांगता हळूच पट्टी घालून देतो.

५/ ही भर खोटी म्हणून टाकून द्यावी काय? माझ्या मते मुळीच नाही. माँतेनच्या घराविषयी ती काहीही सिद्ध करत नाही, हे खरे. पण वॉल्टनने तिचे स्पष्टीकरण दिलेले नाही. मांजरीपुढे पट्टी नाचवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला सांगावे लागणार नाही अशी त्याची खात्री होती. म्हणजे साक्षीदार बदलला. साक्ष फ्रान्सची नसून सतराव्या शतकातल्या इंग्लंडची ठरली. (गळ टाकून बसणाऱ्या माणसाला हलत्या दोरीचे महत्त्व सुचावे, यात नवल ते काय!)

६/ अशा फुटकळ वस्तूंनी मांजराचे समाधान कसे होते? साऊदॅम्प्टन विद्यापीठातील सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी हे तपासले. १९९८ च्या त्यांच्या अभ्यासात भुकेली मांजरे खेळण्यावर अधिक जोराने तुटून पडली. २००२ च्या अभ्यासात असे दिसले की तेच खेळणे पुन्हा पुन्हा दिल्यास मांजर लवकर कंटाळते, आणि वेगळे दिले की खेळ पुन्हा रंगतो. शिकारीची प्रेरणा आणि नव्याची ओढ! आज पट्टी, उद्या कागदाचा बोळा, हा घरगुती क्रम त्यामुळेच चालतो. मात्र दोरी पोटात गेल्यास आतड्यात अडकून जीवावर बेतते. खेळ झाला की ती उचलून ठेवावी.

७/ वस्तू उरली नाही, ग्रंथातही उल्लेख नाही, तरी कधी कधी शब्द उरतो. जपानमध्ये एनोकोरोगुसा नावाचे एक रानगवत आहे. ते आपल्या राळ्याचे वन्य पूर्वज. तसेच झुबकेदार, केसाळ कणीस. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘नेकोजाराशी’, म्हणजे मांजराला खेळवणारे. रस्त्याकडेचे कणीस खुडावे आणि मांजरापुढे हलवावे, इतकेच. कणीस लवकरच सुकते. नाव मात्र टिकले, आणि आज दुकानातल्या काठीला बांधलेल्या पिसांनाही तेच नाव आहे.

८/ आपल्या घरी वा गावी मांजराला खेळवण्याच्या वस्तूसाठी, गवतासाठी खास शब्द असल्यास गावाच्या नावासह खाली अवश्य नोंदवावा. आजीला विचारून नोंदवलात तर अधिक उत्तम.