आठ वाव खाली

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव रंगलाय. सुरमईची टोपली सरकते, बोली चढते, आणि तुमचा डावा कान ठप्प. रात्री झोपताना धड होता. बोली ऐकू येते, पण कोणत्या बाजूने आली ते वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. "दडा बसलाय, कोमट तेल घाल, चार दिवसांत सुटेल," तांडेल म्हणतो.

तेल राहू द्या. अशा अचानक गेलेल्या कानावर दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा एक उपचार आहे; त्याची गोष्ट समजायला आधी १८४१च्या आगेमागे चला, फ्रान्समध्ये, ल्वार नदीच्या वाळूत रोवलेल्या लोखंडी नळीत. त्रिजे नावाच्या इंजिनियरला वाळूखालचा कोळसा हवाय. पाणी आत चढू नये म्हणून पंपाने हवा कोंबतात. दार लागतं आणि दोन्ही कानांत कळ जाते. शेजारचा मजूर गळ्याला हात लावून दाखवतो: गिळा. आवंढा गिळताच कळ ओसरते. मेणबत्त्या भराभर जळून जाताहेत. सगळे नाकात बोलताहेत. शिट्टी मारून बघा; तिप्पट दाबात ती वाजतच नाही.

कोपऱ्यात अँटवर्पच्या १८३२च्या वेढ्यापासून बहिरा झालेला एक खाणकामगार आहे. या कोंडलेल्या हवेत त्याला सोबत्यांपेक्षा स्वच्छ ऐकू येतं, अशी त्रिजेने नोंद केली. लगेच हुरळू नका. ऐकू आलं ते नळीत असताना; तो बरा झाला असं त्रिजे म्हणत नाही. शिवाय ही साधी हवा होती.

शुद्ध ऑक्सिजनची करामत बघायला १९६०चं ॲमस्टरडॅम गाठा. डॉ. बुरेमा यांनी डुकरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ संपवल्यात, तरी तिप्पट दाबाच्या खोलीत ऑक्सिजनवर ती जिवंत आहेत. दाबाखाली ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळतो. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच, बारीक. तिला पर्यायी वाट नाही. तिथल्या उपाशी पेशींपर्यंत हा विरघळलेला ऑक्सिजन पोहोचावा, एवढीच या उपचाराची आशा.

आता या उपचाराच्या आजच्या कोठीत या. दाब दोन ते अडीच वातावरणांचा, म्हणजे पाच ते आठ वाव पाण्याखाली असतो तेवढा. तोंडावर मास्क, दीडेक तास, अशा दहा-वीस बैठका. मोबाइल, काडेपेटी बाहेर. केसांना तेलही नको, कारण ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते. कान दुखला की आवंढा गिळायचा, तो मात्र अजून तसाच.

पण ही कोठी स्टेरॉइड औषधाच्या जोडीला आहे. अमेरिकेतल्या कानतज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शनातही ती स्टेरॉइडसोबत, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करण्याचा एक पर्याय म्हणूनच येते. काहींचा कान आपोआपही परततो, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हा वाद मिटत नाही. स्टेरॉइडला मात्र उशीर चालत नाही. तेव्हा आजच रत्नागिरीत कानाचा डॉक्टर गाठा, ऑडिओग्राम काढा, आणि तांडेलाला सांगून टाका, या फेरीला दुसरा खलाशी बघ.