व्रणावरची वेल

माझ्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती. लहानपणी मी त्या हिरव्या रेघांवरून बोट फिरवीत विचारी, "आजी, दुखलं होतं का गं?" ती म्हणे, "दुखलं रे, पण सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं." तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या घरी हेच ऐकलेले असेल. जत्रेत गोंदणारीण बसे, काजळीत बुडवलेल्या सुयांनी टोचून तुळस, चांदणी, विंचू काढी, वर हळद लावून देई. ते दुखणे बाईने स्वतः पत्करलेले असे आणि ती खूण ती अभिमानाने मिरवी.

याच आजीच्या पिढीतल्या आमच्या नात्यातल्या एका बाईंची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्या छातीत गाठ आली. गाठ दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती सात-आठ महिने पदराआड ठेवली. सांगायचे कोणाला, ही लाजही होतीच. पुढे शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्या गेल्या तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. तो आरसा मी अजून विसरलेलो नाही.

म्हणजे शरीरावरची एक खूण मिरवण्याची, आणि दुसरी झाकण्याची! असे का व्हावे? या झाकलेल्या खुणेलाही एक इतिहास आहे. तोच आज तुम्हांला सांगावयाचा आहे.

गोंदणाची चाल फार जुनी. १९९१ साली आल्प्स पर्वताच्या बर्फात एका माणसाचे प्रेत सापडले. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजण्यात आल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा गुडघा, घोटा, कंबर अशा दुखऱ्या जागी आहेत. तेव्हा या खुणा दुखण्यावरचा उपाय म्हणून काढल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांना वाटते. वेदना आणि गोंदण यांचे नाते असे पुरातन दिसते.

आता कर्करोगाकडे वळू. स्तनाच्या कर्करोगावरील आधुनिक शस्त्रक्रियेची घडी बसवली ती अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी. १८९४ साली त्यांनी आपल्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सारेच ते काढून टाकीत. रोग मुळासकट उपटावा, हा हेतू. त्या काळी बायका फार उशिरा येत, हेही खरे. पण या शस्त्रक्रियेने छाती खोल जाई, हात जड पडे. तरीही पाऊणशे वर्षे हीच पद्धत चालू राहिली. पुढे पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून पद्धतशीर तुलना करून पाहिली. लवकर सापडलेल्या रोगात केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी बाई तितकीच जगते, हे १९८५ पर्यंत सिद्ध झाले. शास्त्रज्ञाने जुन्या प्रघाताला असे प्रश्न विचारले नसते, तर कित्येकींचे अंग विनाकारण कापले गेले असते.

परंतु शस्त्रक्रियेनंतर बाईच्या मनाचे काय? १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीस लासर या बाईंनी एक काम सुरू केले. स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रिया इस्पितळात जाऊन नव्या रुग्ण बाईला भेटत, धीर देत, चोळीत घालावयाची कृत्रिम गादी देत. काम मोठ्या मायेचे होते. पण त्याचा मथितार्थ हाच, की लोकांना कळता कामा नये. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ती उघडपणे जाहीर केली. ज्या शब्दाचा उच्चार घरात होत नसे, तो वर्तमानपत्रांत आला, आणि हजारो स्त्रिया तपासणीसाठी दवाखान्यात जाऊ लागल्या. एका बाईने तोंड उघडले, त्याचा हा परिणाम!

इथपर्यंत गोष्ट शब्दांची झाली. शरीराची गोष्ट पुढे आहे. कॅलिफोर्नियातल्या कवयित्री डीना मेट्झगर यांना १९७७ साली हा रोग झाला आणि एक स्तन काढावा लागला. त्यांनी व्रणावर गादी ठेवली नाही. त्यांनी त्यावर गोंदवून घेतली एक पानांची फांदी. नंतर हेला हॅमिड या छायाचित्रकार बाईंनी त्यांचे छायाचित्र घेतले: उघडी छाती, व्रणावर फांदी, आणि दोन्ही हात आभाळाकडे पसरलेले. त्याचे भित्तिपत्रक झाले आणि ते देशोदेशी गेले. ते पाहून कुणाला दया येत नाही. पंख पसरलेल्या पाखराची आठवण होते.

अर्थात सर्वांना हे रुचले असे समजू नका. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९७८ च्या शस्त्रक्रियेनंतर गादी वापरण्याचे नाकारले, तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या परिचारिकेनेच त्यांना बोल लावला. तसे न वापरल्याने इतर रोग्यांचा धीर खचतो, असे तिचे म्हणणे. लॉर्डबाईंनी १९८० साली पुस्तकात हे लिहून उलट विचारले, की आम्ही एकमेकींना ओळखूच शकलो नाही तर धीर देणार कोण? पुढे १५ ऑगस्ट १९९३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक अंकाच्या मुखपृष्ठावर मातुश्का या चित्रकर्तीने स्वतःचे छायाचित्र छापू दिले. पांढरा पोशाख, आणि एका बाजूला कापड मुद्दाम कापून व्रण उघडा ठेवलेला. वाचकांची पत्रे आली, रागाची आणि आभाराचीही.

त्यानंतर ही वाट रुळली. आज कितीतरी देशांत स्त्रिया उपचार संपल्यावर व्रणावर फुले, वेली, पक्षी गोंदवून घेतात. स्तनाचा आकार शस्त्रक्रियेने पुन्हा घडवल्यावर स्तनाग्र रंगाने गोंदून देण्याचे काम आता उपचाराचाच भाग मानले जाते. गंमत अशी, की किरणोपचार देताना यंत्राचा नेम रोज त्याच जागी बसावा म्हणून अनेक इस्पितळांतून कातडीवर शाईचे बारीक ठिपके गोंदतात. म्हणजे रोगाचे एक गोंदण डॉक्टर करतो, आणि मनाचे गोंदण बाई स्वतः निवडते.

आणि आपली मेंदी? औषधांनी केस गळतात, कारण ती औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात आणि केसांची मुळे अशाच पेशींची असतात. बहुधा केस पुन्हा येतात. पण मधले दिवस कठीण. अशा वेळी कॅनडा, अमेरिका, इंग्लंड येथील काही स्त्रिया टक्कल झालेल्या डोक्यावर मेंदीची नक्षी काढून घेऊ लागल्या आहेत. लग्नघरातली ही आपली कला तिकडे आजारणीच्या माथ्यावर मुकुट होऊन बसली.

मात्र दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. उपचार चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा सुई टोचून गोंदणे धोक्याचे, जंतू शिरतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हातही जपावा लागतो. उपचार संपल्यावरसुद्धा डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे. मेंदी लावायची तर पानांची, तीही विचारून. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'त केसांच्या कलपातले रसायन असू शकते, त्याने कातडी भाजते.

आणि हेही खरे, की सगळ्यांनी गोंदवलेच पाहिजे असे नाही. एखादी गादी वापरील, एखादी पदर घेईल, एखादी काहीच करणार नाही. मुद्दा गोंदणाचा नाही. रोगाने, सुरीने आपल्या अंगावर न विचारता खुणा केल्या. त्यांतली एक तरी खूण माझ्या मर्जीची असावी, असे त्या स्त्रियांना वाटले. आत्मविश्वास परत येतो तो असा.

परळचे टाटा इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेव्हापासून आपल्याकडे औषधांची, यंत्रांची पुष्कळ प्रगती झाली. स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो. अडसर उरतो तो पदराआडच्या लाजेचा. गुरुजी, बाई, तुमच्या शाळेत मातापालकांची सभा भरते ना? तिथे एकदा हा विषय काढा. न दुखणारी गाठसुद्धा दाखवायची असते, एवढे एक वाक्य सांगितलेत तरी पुरे. आणि घरात कुणी उपचार घेऊन परतले, तर तिच्यापासून नजर चोरू नका. आमच्या घरी ती सगळ्यांनी चोरली होती. त्या आरशाचे तोंड भिंतीकडे फिरवण्यात आमचाही हात होता, हे मला फार उशिरा समजले.