हिल्डीची वाक्ये कोणाची?

बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचे ‘द फ्रंट पेज’ हे नाटक १९२८ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि १९३१ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. दोन्हींत संपादक वॉल्टर आणि बातमीदार हिल्डी हे पुरुष होते. १९४० च्या ‘हिज गर्ल फ्रायडे’ या पुनर्निर्मितीत मात्र हिल्डी स्त्री झाली, तीही वॉल्टरची घटस्फोटित पत्नी! हिल्डीचे संवाद एका स्त्रीच्या तोंडून ऐकले तेव्हा ते अधिक खुलले, असे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत. (हॉक्स आठवणी रंगवून सांगण्यात पटाईत होते, हेही ध्यानात असू द्या.)

ही भूमिका अनेक नामवंत अभिनेत्रींनी नाकारली होती. ती अखेर रोझलिंड रसेल यांच्याकडे आली. संहिता वाचून त्यांना वाटले, चटकदार वाक्ये तर सारी कॅरी ग्रँट यांच्याच वाट्याला! मग त्यांनी स्वतःच्या पैशांनी जाहिरातींचा एक लेखक गुपचूप नेमला. त्याने लिहिलेली वाक्ये त्या सेटवर जणू आयत्या वेळी सुचल्यासारखी म्हणत. हॉक्स कलावंतांना अशी भर घालू देत, त्यामुळे ते खपून गेले. ग्रँट यांना मात्र संशय आला; आज काय आणले आहे, असे ते सकाळीच विचारू लागले.

श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून एकट्या चार्ल्स लेडरर यांचे नाव आहे. त्या जाहिरात-लेखकाची हकिकत रसेल यांच्या आत्मचरित्रातून कळते. ते त्यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर चित्रपटाला ३७ वर्षे झाली होती.